दुसऱ्या तिकिटावर कोण

अमारो फ्रेइरेने आयुष्याची अडतीस वर्षं आ कोरुन्या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, आणि एकाहत्तराव्या वर्षी तो स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधोमध, एका हातात वर्तमानपत्र आणि काखेत लांब पाव अशा अवस्थेत अडकला. न्हाव्याच्याच डोक्यात उवा निघाव्यात, त्यातली गत. धोक्याची घंटा दाबून उपयोग नव्हता. ती खाली रखवालदाराच्या खोलीत वाजते आणि त्या खोलीत गेली नऊ वर्षं रखवालदार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. म्हणून तो स्वस्थ उभा राहिला आणि आरशात पाहू लागला, तर आरशात त्याच्या कपाळावर एक सरडा बसलेला. कपाळावर म्हणजे काचेवर, कपाळ जिथे दिसत होतं तिथे. बोटाएवढा, करड्या रंगाचा, गळा धपधप हलणारा. अमारोने विचार केला नाही. विचार केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. त्याने काखेतला पाव काढला आणि मारला. सरडा दाराच्या फटीतून पोकळीत नाहीसा झाला, शेपूट मात्र खाली पडली आणि वळवळत राहिली. लिफ्ट अकरा मिनिटं बंद होती. अकरा मिनिटं ती शेपूट त्याच्या बुटांशी वळवळत होती आणि तो पाव छातीशी धरून कोपऱ्यात उभा होता. लिफ्ट सुरू झाली तेव्हा त्याने ती रुमालात उचलली, सातव्या मजल्यावर नेली आणि बायकोच्या, देल्मिराच्या, जिरेनियमच्या कुंडीत पुरली. कुंडीतलं जिरेनियम केव्हाच वाळलं होतं. देल्मिराला जाऊनही दोन वर्षं आणि चार महिने झाले होते.

आता शहाण्या माणसाला सरडा म्हणजे सरडा. पण स्पेनच्या कोपऱ्यातल्या या गालिसियात जन्मलेल्या माणसाला, मग तो कितीही शिकलेला असो, एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर मिळते: तेइशिदोच्या सान आंद्रेसला जो जिवंतपणी जात नाही, त्याला मेल्यावर जावं लागतं. जगाच्या टोकाला, कड्यावर, आडगावात देऊळ मिळालं म्हणून हा संत देवापाशी कुरकुरला, की माझ्याकडे काळं कुत्रंही फिरकत नाही. आणि देवाने त्याची कटकट मिटवायला शब्द देऊन टाकला की सगळे येतील, जिवंत नाहीतर मेलेले. मेलेले येतात ते सरडा होऊन, बेडूक होऊन, साप होऊन, सरपटत. म्हणून त्या वाटेवर कुणी मुंगीवरसुद्धा पाय देत नाही. कुणाची आत्या असेल, सांगता येत नाही. देल्मिरा जिवंतपणी तिथे गेली नव्हती. अमारोने तिला नेलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं. शेवटच्या आठवड्यात उशीवर डोकं तिरकं ठेवून ती म्हणाली होती, "आता जाईन मी आपली सरपटत." आणि हसली होती. त्याला ते हसणं औषधाचं वाटलं होतं. रुमाल धुताना त्याच्या मनात आलं, की आ कोरुन्याहून तेइशिदोपर्यंत, हमरस्ते ओलांडत, बोटाएवढ्या अंगाने, ते पण शेपटीशिवाय. त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली.

जायचं तर रीत धरून जायचं. मेलेल्याला न्यायचं तर आधी त्याच्या थडग्यापाशी जाऊन बोलवावं लागतं, वाटभर त्याच्याशी बोलावं लागतं, बसमध्ये त्याचं तिकीट काढावं लागतं आणि शेजारची जागा रिकामी ठेवावी लागते. मुलगी इरिया फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचे गुडघे." तो म्हणाला, "गुडघे पण येतायत." देल्मिराचं माहेर बेतान्सोसच्या बाहेर, आणि माहेरच्याच दफनभूमीत, भिंतीतल्या कोनाड्यात तिला ठेवलेलं. तिची आईही त्याच कोनाड्यात. जुनी हाडं मागे सारून पुढे नव्याला जागा करतात, आपल्या ट्रंकेत हिवाळ्याचे कपडे मागे ढकलतात तशी. सकाळी साडेआठला तो तिथे उभा राहिला. पाठीवर पिशवी, पिशवीत एक खोकं, खोक्यात देल्मिराचे कापडी बूट. त्याने शिळेवर तीनदा बोटांनी टकटक केलं आणि त्याची आजी म्हणायची तसं म्हणाला, "चला. निघायचं. सान आंद्रेसला जायचंय." मग उत्तराची वाट पाहावी की नाही हे न कळून थोडा थांबला, आणि बाजूला सरला, कुणीतरी बाहेर पडायला जागा मागितल्यासारखा.

बसच्या ड्रायव्हरने दोन तिकिटं फाडली, मागे पाहिलं, कुणी नाही. "सान आंद्रेस?"

"हो."

"मग पिशवी मांडीवर घ्या, आजोबा. त्यांच्या सीटवर नको."

पिशवी मांडीवर घेऊन अमारो खिडकीशी बसला आणि मग त्याला वाटलं खिडकी तिला द्यायला हवी, म्हणून उठून अलीकडे बसला. पलीकडच्या बाकावर एक म्हातारी होती, काळ्या कपड्यांतली, पायाशी घमेल्याएवढ्या टोपलीत दोन जिवंत कोंबड्या. बासिलिसा, असं तिने न विचारता सांगितलं, आणि फेनेला बहिणीकडे चालली आहे हेही. "कोण आहे?" तिने रिकाम्या जागेकडे हनुवटी करून विचारलं.

"बायको."

"नावाने बोलावलंत ना?"

अमारोने मान हलवली: नाही.

"नाव घ्यावं लागतं, बाबा. आमच्या दिराने घेतलं नाही. नुसतं चला म्हणाला. त्यांच्या कोनाड्यात चौघं. चौघंही आले. बसमध्ये उभं राहायला जागा नाही, आणि एक आजोबा तर कुणाचे ते अजून कळलं नाही. अजून त्यांच्या घरी बसलेत." कोंबडी ओरडली. बासिलिसाने तिला पायाने गप्प केलं. "तुमच्यात कोण कोण आहे आत?"

"सासूबाई."

"अरे देवा," बासिलिसा म्हणाली, आणि फेने येईपर्यंत त्याच्याकडे दया करावी तशी पाहत राहिली.

नाव. तो आठवू लागला की देल्मिराला देल्मिरा म्हणून आपण शेवटचं कधी हाक मारली. लग्नाआधी मारत होतो, नक्की. जत्रेत, गर्दीत, दोन्ही हात तोंडापाशी धरून. मग इरिया झाली आणि ती इरियाची आई झाली. मग अगं झाली, ऐकलंस का झाली, चाव्या कुठायत झाली. इस्पितळाच्या अर्जांवर त्याने तिचं नाव लिहिलं होतं, शिळेवर कोरून घेताना एकेक अक्षर तपासलं होतं, पण तोंडाने, आवाजात, हवेत सोडलं होतं का? लिफ्टच्या पोकळीत तो साथीदारांना नावाने ओरडून बोलवायचा, नाव चुकलं तर हात जायचा एखाद्याचा. घरात कुणाचा हात जात नव्हता. त्याने बसमध्येच, ओठांतल्या ओठांत, म्हणून पाहिलं. ओठ हलले. आवाज काही आला नाही.

शुबियाच्या जुन्या मठापाशी तो उतरला आणि चालू लागला. आठशे वर्षांच्या भिंतीवर कुणाचे तरी मोजे वाळत होते. वाट निलगिरीच्या रानात शिरली. सालपटं लोंबत होती, पायाखाली सगळं निसरडं, आणि त्याला तर प्रत्येक पावलाआधी वाकून पाहायचं होतं. काळ्या बिनशंखाच्या गोगलगाई वाटेवर आडव्या पसरलेल्या, हजार म्हणावं तर कमीच. एकेकीला वळसा घालत तो दारुड्यासारखा चालला. तासाभरात जेवढं अंतर गेलं तेवढं एखादी गोगलगाय गेली असती, आणि बहुधा गेलीच. कोण आलंय, हा प्रश्न त्याच्या गुडघ्यांत उतरला होता. देल्मिरा नेहमी त्याच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे चालायची. डावीकडे काही जाणवत नव्हतं. जाणवत होतं ते पुढे, उजवीकडे, चार पावलांवर, आणि त्या जाणवण्यात एक घाई होती, थोडा तुच्छपणाही. शेनेरोसा अशी चालायची. शेनेरोसा, त्याची सासू, अकरा वर्षं त्यांच्या सातव्या मजल्यावर राहिली आणि अकरा वर्षांत एकदाही लिफ्टमध्ये बसली नाही. सात मजले उतरायची, सात चढायची, बाजाराच्या पिशव्या घेऊन, काठी टेकत. "जी वस्तू आमचे जावई दुरुस्त करतात," ती शेजारणींना जिन्यात थांबवून सांगायची, "तिच्यात मी माझा देह घालणार नाही."

"सासूबाई," तो रानात मोठ्याने म्हणाला, "तुम्ही असाल तर सांगून टाका." पानांतून पाणी गळत होतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली, आणि समजूत तशी पक्की होती: सासूबाई यायचं कारणच काय? त्या तर तीनदा जाऊन आल्या होत्या. अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. सूप ढवळताना, मटार सोलताना, मृत्यूच्या बातम्या वाचताना त्या तीन यात्रा निघायच्या. अनवाणी गेले, तीनही वेळा. आमच्या वेळी बूट घालून गेलं तर संत तोंड फिरवायचा. देवळापुढे केवढा मोठा चौक, दगडी. आणि झरा, वासराच्या मानेएवढी एकच धार, तोंड लावलं तर दात हलतात. जी तीनदा जाऊन आली तिला सरपटावं लागत नाही. तेव्हा ही देल्मिराच. मागे राहायची सवय मोडली असेल तिची, मेल्यावर माणसं बदलत असतील. असं म्हणून तो चाले आणि पुन्हा उजवीकडे, चार पावलांवर, ती घाई.

संध्याकाळी पोर्तो दो काबोच्या खाणावळीत तो पोचला तेव्हा त्याचे पाय दुसऱ्याचे झाले होते. खाणावळीची मालकीण बाल्बिना, पुरुषाएवढी रुंद, टेबल पुसत म्हणाली, "एकाचं की दोघांचं?" या वाटेवर हे विचारावं लागतं.

"दोघांचं."

तिने कोबीच्या पानांच्या सूपचे दोन वाडगे आणले, वाफाळते, आणि दोन पेले. "बाईमाणूस आहे का? मग वाइन अर्धाच पेला."

"आणि समजा सासू असली तर?"

बाल्बिना थांबली. "मग बाटली इथेच ठेवते. तुमच्यासाठी."

तो जेवला. दुसऱ्या वाडग्यावर साय धरत गेली. त्याच्या मनात ती सकाळ आली, जी गेली तीस-पस्तीस वर्षं तो दार लोटून ठेवतो तशी लोटून ठेवत होता. मे महिना होता, इरिया शाळेतून शिबिराला गेलेली. देल्मिराने पहाटे उठून ट्यूना मासा भरून पाव भाजला होता, नवे कापडी बूट घातले होते आणि नाड्यांच्या गाठी दुहेरी मारल्या होत्या. स्वयंपाकघरात शेनेरोसाही तयार बसली होती, डोक्याला रुमाल, हातात काठी. "मला काय, मी तीनदा गेलेय," ती म्हणाली होती, "तुम्हाला वाट दाखवायला येते. नाहीतर हा तुला पोर्तुगालला नेईल." अमारोला वाटलं होतं, एक दिवस, एक दिवस तरी बायको मला एकटी मिळू द्यायची. आणि फोन वाजला. शहराच्या मध्यावरच्या एका हॉटेलात लिफ्ट अडकली होती, आत एक लठ्ठ वकील आणि त्याची नसलेली बायको. "थांबा जरा," अमारो म्हणाला, "तासात येतो." तो गेला, आणि खरं तर सुटल्यासारखा गेला. परत आला तेव्हा चार तास झाले होते. बूट खोक्यात होते, खोकं कपाटावर. देल्मिरा म्हणाली, पुढच्या वर्षी. त्यानंतर प्रत्येक मे महिन्यात तो म्हणायचा, थांब जरा, पुढच्या वर्षी. आणि शेनेरोसा? त्याने आठवायचा प्रयत्न केला. ती जिन्यात भेटली होती. काठी घेऊन सात मजले उतरून ती खाली दाराशी उभी राहिली होती, चार तास म्हणे, आणि त्याला पाहताच वळून, एक अक्षर न बोलता, सात मजले चढून गेली होती. तेव्हा त्याला तो टोमणा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सेदेइरा मागे पडलं, चेस्टनटची झाडं मागे पडली, आणि कापेलादाचा डोंगर सुरू झाला तसं धुकं उतरलं. धुक्यातून मोकळे घोडे येऊन त्याच्याकडे पाहून जात होते, अडाणी नातेवाइकांसारखे. पायांच्या बोटांत रक्त आलं असावं, ओलं लागत होतं, पण बूट काढून पाहण्याची हिंमत नव्हती. त्याला आयुष्यात प्रथमच आडवं चालावं लागत होतं. अडतीस वर्षं तो वर गेला होता आणि खाली आला होता, आणि वर-खाली जाणारा माणूस कुठेच पोचत नाही हे त्याला या उतारवयात, नेच्यांत उभं राहून, धापा टाकताना सुचत होतं. तो बोलत होता, रीत म्हणून आधी, मग रीत विसरून. इथे चिखल आहे. इथे दगड हलतो. इरियाने केस कापलेत, तुला आवडले नसते. असं तो डावीकडे पाहून बोलायचा आणि उत्तर उजवीकडून आल्याचा भास व्हायचा. उत्तर असं नव्हे, एक फुरफुर. वाटेच्या कडेला दगडांच्या राशी होत्या. प्रत्येक यात्रेकरू एक दगड टाकतो. अंतिम न्यायाच्या दिवशी हे दगड बोलणार आणि कोण कोण आलं ते नावनिशी सांगणार. अमारोने खालच्या ओढ्यातून दोन दगड उचलून खिशात ठेवले होते, एक स्वतःचा, एक तिचा. तेइशिदोच्या वरच्या शेवटच्या राशीपाशी तो उभा राहिला, स्वतःचा दगड ठेवला, दुसरा हातात घेतला. आता नाव घ्यायचं. कुणाचं? हात तसाच राहिला. धुक्यात मागून कुणी यात्रेकरू आले, वाट मागू लागले. त्याने दगड पुन्हा खिशात टाकला आणि उतरू लागला.

धुकं एकदम संपलं आणि गाव दिसलं. मूठभर पांढरी घरं कड्याला चिकटलेली, आणि त्यांच्या पायाशी, घरात शिरेल इतका जवळ, समुद्र. चौक नव्हता. चौक मावेल एवढी सपाट जागाच नव्हती. अमारोने दोनदा नजर फिरवली. तो झऱ्याकडे गेला. झऱ्याला तीन तोट्या होत्या, तीन बारीक धारा, करंगळीएवढ्या. तो बराच वेळ मोजत राहिला, जणू मोजून एक होईल. शेजारी एक बाई कणकेच्या रंगीत बाहुल्या विकत होती, हात, होडी, मासा, संत.

"बाई," त्याने विचारलं, "याला पूर्वी एकच धार होती का? वासराच्या मानेएवढी?"

"माझ्या आजीच्या आजीने तीनच पाहिल्यात."

"आणि देवळापुढे चौक?"

बाईने त्याला नीट न्याहाळलं. "कुणी सांगितलं? जो कुणी असेल, तो इथे आलेला नाही."

तो कठड्यावर बसला. तर असं. सासूबाई तीनदा नाही, एकदाही आल्या नव्हत्या. नवव्या वर्षी बेतान्सोसच्या एका घरात कपडे धुवायला ठेवलेली मुलगी, तिला कोण यात्रेला सोडणार. सगळ्या मोलकरणी सणाला गेल्या की हिच्या वाट्याला त्यांचेही कपडे. त्या परत आल्या की सांगत असतील आणि ही पिळता पिळता ऐकत असेल, धुण्याच्या हौदाची एकुलती एक धार पाहत. मग सांगता सांगता तिचीच झाली ती यात्रा. पहिल्यांदा थाप म्हणून, दुसऱ्यांदा मान म्हणून, तिसऱ्यांदा तिला स्वतःला खरी वाटली असेल. आणि त्या सकाळी काठी घेऊन ती वाट दाखवायला नव्हे, वाट पाहायला बसली होती. चार तास. दाराशी. त्याने तिला कधी विचारलं नाही, आई, येता का? विचारलं असतं तर म्हणाली असती, मी तीनदा गेलेय, आणि बुटांच्या नाड्या बांधल्या असत्या. म्हणूनच शिळेवर टकटक होताच, कुणी नाव घ्यायच्या आत, मागे सारलेल्या हाडांतून ती पुढे झाली. देल्मिरा असती तर थांबली असती. देल्मिराला थांबायची सवय होती. अमारो हसला, आणि हसता हसता लक्षात आलं की हे हसणं फार थकलेलं आहे, बसकण मारलेल्या गाढवाचं.

"प्या," तो उजवीकडे म्हणाला. "तीन आहेत. तिन्हीतून प्या. दात हलतील." त्याने ओंजळ भरून पाणी घेतलं आणि दगडावर सोडलं. मग पुन्हा चढ चढून राशीपाशी गेला, गुडघ्यांना शिव्या देत, आणि दुसरा दगड ठेवला. "शेनेरोसा," तो म्हणाला. नाव लगेच निघालं; भांडणात एवढ्यांदा घेतलेलं नाव, घासून गुळगुळीत झालेलं. "शेनेरोसा आली होती. चालत. लिफ्ट नाही, काही नाही." उजवीकडची घाई थांबली. वारा तेवढा राहिला. तो आणखी एक दगड शोधू लागला, सापडला, आणि तो मात्र त्याने ठेवला नाही, खिशात घातला. पाठीवर पिशवी होती, पिशवीत खोकं. दोन दिवस लेकीचे बूट वाहून त्याने आईला चालवत आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेदेइराच्या बसथांब्यावर त्याने एकच तिकीट काढलं. इरियाचा फोन आला. "बाबा, पोचलात ना?"

"पोचलो. तुझी आजी पोचली."

"कोण?"

"शेनेरोसा. नीट पोचली. आता तुझ्या आईला आणायला परत निघालोय."

मग इरिया म्हणाली, "बाबा, निदान मोजे तरी बदला."

बसभर तो नावाचा सराव करत होता. शेजारी बसलेल्या तरुणाने एकदा वळून पाहिलं आणि कानांत गाणी घातली. बेतान्सोसला उतरून दफनभूमीपर्यंतचा चढ त्याने भिंतीला धरून चढला. दुपार कलली होती, कुणीतरी पलीकडच्या ओळीत फुलदाण्या घासत होतं. शिळेवर दोन नावं, वर जुनं, खाली नवं. "सासूबाई, तुम्ही बसा," तो म्हणाला, "तुमचं झालंय." मग तीनदा टकटक केलं. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, बुटांत टाचा सोलल्या होत्या, समोर बाक होतं, बाकावर ऊन होतं, आणि जिभेवर सवयीने तयार होऊन बसलेला शब्द आला: थांब. थांब जरा, पाय दुखतायत. तो शब्द त्याने पाहिला. किती वापरलेला होता. गिळला. पिशवीतून खोकं काढलं, बूट शिळेखाली जोडीने ठेवले, आणि तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता श्वास आला. दुसऱ्यांदा जो आवाज आला तो जत्रेतला, दोन्ही हात तोंडापाशी धरणाऱ्या कुणा पोरसवद्याचा होता, आणि तो एवढा मोठा निघाला की पलीकडच्या ओळीतलं घासणं थांबलं.

"देल्मिरा," तो म्हणाला. "देल्मिरा, चल."

आणि बूट उचलून वळला, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी वाकून त्याने जमिनीवर नीट पाहून घेतलं.